कोणता दिवा विझला तर चालेल?

वीज पोहोचली की नाही, हा प्रश्न आता जवळपास सुटला आहे, असे सरकारी तक्ते सांगतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेने देशातील बहुतेक सर्व घरांना जोडणी दिल्याचे जाहीरही झाले. तरीही काही वस्त्या राहिल्याच. डोंगराच्या पाठीमागे, जंगलाच्या आत, जिथे दहा-वीस घरांसाठी पाच-सात किलोमीटर खांब रोवणे कोणत्याही वीज कंपनीला परवडत नाही, अशा. त्यांच्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने पीएम-जनमन मोहिमेखाली एक सौर योजना मंजूर केली. विशेष असुरक्षित आदिवासी गटांमधील एक लाख घरे आणि ५१५ कोटी रुपये असा तिचा आवाका. जिथे तारा नेणे शक्य नाही तिथे घरामागे ०.३ किलोवॉटची यंत्रणा, खर्चाची मर्यादा ५० हजार रुपये; जिथे सोयीचे असेल तिथे वस्तीचे मिळून एक छोटे सौर जाळे. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन समाज या गटांत मोडतात.

योजना चांगली आहे आणि ती व्हायलाच हवी होती. प्रश्न आहे तो त्या ०.३ या आकड्याचा. तो देशभर एकच आहे. महाराष्ट्रात एक किलोवॉट पॅनेलमधून वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे चार युनिट वीज मिळते. एप्रिलच्या उन्हात ती पाचाच्या जवळ जाते आणि जुलै-ऑगस्टच्या झाकोळात अडीच-तीनवर येते. म्हणजे ०.३ किलोवॉटमधून सरासरी सव्वा युनिट, पावसाळ्यात त्याहूनही कमी. दोन-तीन दिवे, एक पंखा आणि मोबाइल यांना ते पुरते. पण पाडा म्हणजे नुसती घरे नव्हेत. पिठाची गिरणी असते, पाण्याचा पंप असतो, शाळा असते, नशीब असेल तर आरोग्य उपकेंद्र असते. साठ घरांवरच्या साठ सुट्या पेट्यांवर गिरणी चालत नाही. ती चालवायची तर वीज एका ठिकाणी तयार करून, साठवून, वस्तीत वाटावी लागते. यालाच मायक्रोग्रिड म्हणतात. आणि तिथे सूर्याच्या जोडीला वारा, पाणी, भुसा किंवा डिझेल यांपैकी काही आले की ते हायब्रिड मायक्रोग्रिड.

असे जाळे किती मोठे बांधायचे? पॅनेल किती, बॅटरी किती, जनरेटर ठेवायचा की नाही? प्रश्न ऐकायला कंत्राटदारी वाटतो. प्रत्यक्षात वस्तीला वीज कोणत्या दराने मिळणार, किती वर्षे मिळणार आणि ऐन पावसात रात्री दोन वाजता उपकेंद्रात बाळंतीण आली तर दिवा लागणार की नाही, हे सगळे या एका हिशेबावर ठरते.

हा हिशेब समजून घेण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील सौर प्रकल्पाच्या लिलावात प्रतियुनिट २ रुपये ४४ पैसे असा दर निघाला आणि सौरवीज कोळशापेक्षा स्वस्त झाल्याच्या बातम्या झळकल्या. त्या खऱ्याच होत्या. मग पाड्यावरच्या सौरविजेचा खर्च युनिटमागे वीस रुपये कसा, असे कोणी विचारले तर ते स्वाभाविक आहे. उत्तर सोपे आहे. भडल्याचा प्रकल्प ऊन असेल तेव्हा वीज देतो. रात्रीचे त्याने काही कबूल केलेले नाही. रात्र सांभाळायला देशाचे जाळे आहे, त्यात कोळसा आहे, धरणे आहेत. पाड्यावरच्या जाळ्याला मागे कोणी नाही. दुपार, रात्र आणि श्रावणातला पाऊस, सगळे त्याने एकट्याने निभवायचे. तिथे वीज जितकी महाग असते त्याहून तिची खात्री महाग असते.

समजा, सातपुड्यात साठ घरांचा एक पाडा आहे. घरटी रोज ०.६ युनिट धरले तर ३६ युनिट. पाच अश्वशक्तीची गिरणी दिवसा तीन तास चालली तर ११. शाळा, उपकेंद्र, रस्त्यावरचे दिवे मिळून ८. एकूण ५५ युनिट, त्यातले तीसेक रात्रीचे. पावसाळ्याच्या सरासरी दिवशीही भागावे म्हणून २४ किलोवॉटची पॅनेले घेतली आणि एक रात्र निघेल अशी ४० युनिटांची लिथियम बॅटरी. पॅनेल, इन्व्हर्टर आणि जोडकाम मिळून किलोवॉटला ६० हजार आणि बॅटरी युनिटला २० हजार असे ढोबळ भाव धरू. दूरच्या वस्तीत सामान वाहून नेण्यापासून सगळेच महाग पडते, हे लक्षात घेऊन हे भाव धरले आहेत. पॅनेलांचे १४ लाख ४० हजार, बॅटरीचे ८ लाख, एकूण २२ लाख ४० हजार रुपये. दहा टक्के व्याज, पॅनेलचे आयुष्य वीस वर्षे आणि बॅटरीचे दहा वर्षे धरून याचा वार्षिक हप्ता काढला तर तो तीन लाखांच्या आसपास येतो. एका माणसाचे मानधन आणि देखभालीचे लाखभर रुपये मिळवा. वर्षाला चार लाख. वस्ती वर्षाला साडेएकोणीस हजार युनिट वापरेल. भागाकार केला की वीस रुपये.

इथवर ठीक. पण या यंत्रणेतही वर्षाचे काही दिवस कमी पडतातच. सलग तीन-चार दिवस पाऊस कोसळत राहिला की पॅनेलमधून नेहमीच्या पावभरही वीज येत नाही. अशा सगळ्या दिवसांची मिळून वर्षाला ६०० युनिटांची तूट येते असे धरू. एकूण गरजेच्या ती अवघी तीन टक्के आहे. ती भरून काढायची आणि 'शंभर टक्के सौर' असा फलक लावायचा, तर बॅटरी तीन दिवस पुरेल एवढी हवी, म्हणजे ४० ऐवजी १५० युनिटांची. जादा ११० युनिटांचे २२ लाख रुपये. म्हणजे विजेचा पहिला ९७ टक्के वाटा जेवढ्यात मिळाला, जवळपास तेवढाच पैसा शेवटच्या तीन टक्क्यांसाठी. त्या जादा बॅटरीचा वार्षिक हप्ता साडेतीन लाखांवर जातो आणि ती वर्षातले साडेअकरा महिने नुसती बसून असते. भागून पाहिले तर तुटीच्या दिवसातले एक युनिट सहाशे रुपयांना पडते.

त्याऐवजी साडेसात केव्हीएचा एक लहान डिझेल जनरेटर ठेवला तर? तो दोनेक लाखांत येतो. सहाशे युनिटांसाठी सुमारे २४० लिटर डिझेल, म्हणजे बावीस हजार रुपयांच्या आसपास. हप्ता आणि देखभाल धरून वर्षाला साठ हजार. साडेतीन लाखांच्या जागी साठ हजार. आणि प्रदूषण? २४० लिटर डिझेलमधून सहाशे-साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हीच वस्ती पूर्णपणे डिझेलवर चालवली असती तर आठ हजार लिटर लागले असते आणि वीस टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता.

हायब्रिड या शब्दामागचे अर्थशास्त्र हे एवढेच आहे. प्रत्येक साधनाला जे स्वस्तात जमते तेवढेच त्याच्याकडून करून घ्यायचे. रोजचा भार सूर्याने उचलावा, रात्र बॅटरीने काढावी, क्वचितचा प्रसंग डिझेलने निभवावा. पर्यावरणाच्या नावाने डिझेलला संपूर्ण मज्जाव केला की यंत्रणा दुप्पट महाग होते आणि त्याच पैशात दोनऐवजी एकाच पाड्याला वीज मिळते. दुसरा पाडा मग रॉकेलवर राहतो. अर्थात जनरेटर ठेवला म्हणजे काम झाले, असेही नाही. सहा महिने न चालवलेला जनरेटर नेमक्या वेळी सुरू होत नाही, आणि ओढ्याला पूर आला की डिझेलची गाडी पाड्यावर पोहोचत नाही. मृगाआधी टाकी भरून ठेवणे आणि आठवड्याला अर्धा तास यंत्र चालवून पाहणे, ही कामे कोणाची, हे नावानिशी ठरलेले असावे लागते.

पण याहूनही स्वस्त असा एक उपाय आहे आणि तो यंत्राचा नाही. वरच्या हिशेबात एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरली होती: पाड्यावरचे प्रत्येक युनिट सारखेच महत्त्वाचे आहे. ते तसे नसते. पावसाच्या चौथ्या दिवशी टीव्ही बंद राहिला तर लोक कुरकुरतील. गिरणी बंद राहिली तर दळण उद्यावर जाईल. प्रसूतिकक्षातला दिवा आणि नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर मात्र उद्यावर जात नाही. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे-चारशे वॉट खातो, वॉर्मर सहाशे ते आठशे. रोज काही तास हे वापरात आले, दिवे आणि सक्शन मशीन धरले, तरी उपकेंद्राची अत्यावश्यक गरज चारेक युनिटांची. तेवढ्यासाठी तीन दिवसांची स्वतंत्र तरतूद करायला पंधरा युनिटांची बॅटरी पुरते. खर्च तीन लाख. वस्तीतल्या सगळ्या दिव्यांना सारखाच विमा उतरवायचा तर २२ लाख, जे विझून चालणारच नाहीत तेवढ्यांचा उतरवायचा तर ३ लाख. आराखडा काढताना पहिला प्रश्न 'किती किलोवॉट' हा नसून 'कोणता दिवा विझला तर चालेल' हा असायला हवा. आणि तो अभियंत्याने एकट्याने ठरवण्याचा नाही. गावातल्या आशाताईंना आणि उपकेंद्राच्या परिचारिकेला त्याचे उत्तर अधिक चांगले ठाऊक असते.

आरोग्याशी या प्रश्नाचे नाते किती जवळचे आहे, याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसह जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून येतो. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील सुमारे एक अब्ज लोक अशा दवाखान्यांवर अवलंबून आहेत, जिथे वीज नाही किंवा तिचा भरवसा नाही. आपल्या शेजारच्या छत्तीसगडने या बाबतीत लवकर पाऊल उचलले. तिथल्या राज्य अक्षय ऊर्जा संस्थेने २०१२ ते २०१६ या काळात ५७० प्राथमिक आरोग्य केंद्रांवर प्रत्येकी दोन किलोवॉटची सौर यंत्रणा बसवली. दिल्लीतील एका संशोधन संस्थेने नंतर तिथल्या केंद्रांची पाहणी केली. सौर यंत्रणा असलेल्या केंद्रांत दरमहा होणाऱ्या प्रसूती ती नसलेल्या केंद्रांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट असल्याचे २०१७ च्या तिच्या अहवालात दिसले. आता यातली सगळी वाढ सौर पॅनेलांमुळेच झाली, असे म्हणता येणार नाही. जिथे डॉक्टर आणि परिचारिका टिकून असतात तिथेच यंत्रेही बरी चालतात. पण रात्री दिवा असतो हे माहीत असलेल्या केंद्राकडे बाईला घेऊन येणे आणि अंधाऱ्या केंद्राकडे आणणे, यात घरच्यांच्या मनातला फरक समजायला आकडेवारीची फारशी गरज नाही.

लक्षात घेण्याजोगे हे की छत्तीसगडची यंत्रणा दोन किलोवॉटची होती. फार मोठी नाही. केंद्रातला सगळा भार तिच्यावर टाकायचाच नव्हता. वाफेवर उपकरणे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह एकटाच दीड-दोन किलोवॉट ओढतो. तो जाळ्याची वीज असेल तेव्हा चालवता येतो.

साठवणीच्या बाबतीत तर आरोग्य खात्याच्या शीतसाखळीने मायक्रोग्रिडवाल्यांना शिकवावे असे काही फार पूर्वीच करून ठेवले आहे. लसी दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहाव्या लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात जो आयएलआर नावाचा फ्रीज असतो, त्याच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो आतले तापमान सांभाळतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे थेट पॅनेलवर चालणारा सौर फ्रीज. त्याला बॅटरी लागतच नाही. उन्हात तो बर्फ करतो आणि ऊन नसले तरी किमान तीन दिवस लस थंड ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांत ही अटच आहे. गरज थंडाव्याची आहे ना, मग थंडावाच साठवा. वीज कशाला साठवायची? पाण्याचेही तसेच. दुपारच्या उन्हात पंप चालवून टाकी भरली की ती टाकी ही बॅटरीच, आणि तिचे आयुष्य दहा वर्षांत संपत नाही.

या विचाराचा पैशाच्या बाजूने फायदा मोठा आहे. पावसाळ्यासाठी म्हणून २४ किलोवॉट बसवले की एप्रिल-मेमध्ये रोज शंभराहून अधिक युनिट वीज तयार होऊ शकते. वस्तीला हवीत ५५. उरलेली वीज तयारच होत नाही. इन्व्हर्टर ती घेण्याचे नाकारतो आणि पॅनेले उन्हात नुसती तापतात. पावसाळ्याचे चार महिने सोडून उरलेल्या आठ महिन्यांत ही दुपारची वीज मिरची कांडप, तेलघाणा, शेवयांचे यंत्र किंवा पंप यांनी रोज २५ युनिट वापरली, तर वर्षाला सहा हजार युनिटांची भर पडते. एकही नवे पॅनेल न लावता. आणि वीस रुपयांचा दर सोळाच्या खाली येतो. तेव्हा जाळ्याचा आकार ठरवताना गिरणी किती वाजता चालते, हा प्रश्न बॅटरीच्या भावाइतकाच महत्त्वाचा आहे. संध्याकाळी शेतावरून आल्यावर दळण टाकायची सवय दुपारवर आणता आली, तर काही लाखांची बॅटरी वाचते. दुपारचा दर रात्रीच्या निम्मा ठेवला की ती सवय बदलायला वेळ लागत नाही, हे उघड आहे.

सूर्याचा पावसाळ्यातला तुटवडा भरून काढायला महाराष्ट्राकडे दोन देणग्या आहेत, त्यांचा विचार मात्र क्वचित होतो. नैर्ऋत्य मोसमी वारे जून ते ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर जोरात असतात. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या त्याच भरवशावर उभ्या राहिल्या. आणि ज्या महिन्यांत ऊन नसते नेमके त्याच महिन्यांत सह्याद्रीचे ओढे भरून वाहतात. कागदावर ही जोडी झकास आहे. व्यवहारात जरा जपूनच. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला सहा मीटरचा वारा चार मीटरच्या वाऱ्यापेक्षा दीडपट वेगवान, पण त्यातली शक्ती तिपटीहून अधिक. म्हणजे पठारावर जी पवनचक्की सोने पिकवते ती खालच्या दरीत शोभेची ठरते. त्यातून छोट्या पवनचक्कीचे फिरते भाग बिघडतात आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत नाहीत. वर्षभर वाऱ्याची मोजणी केल्याशिवाय ती घेऊ नये. ओढ्यावरचे छोटे जलविद्युत यंत्र अधिक भरवशाचे, पण त्यासाठी ओढा आणि उतार जवळ हवा.

जिथे हे सगळे जुळून आले, असे एक उदाहरण स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एग या बेटावर आहे. वस्ती शंभरेक माणसांची. समुद्राखालून केबल आणणे परवडत नव्हते म्हणून तिथल्या लोकांनी पाणी, वारा आणि ऊन यांचे मिळून एक जाळे उभारले. ते फेब्रुवारी २००८ मध्ये सुरू झाले. बॅटऱ्या आहेत आणि वेळेला दोन डिझेल जनरेटरही. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज नैसर्गिक स्रोतांतून येते. पण एगची खरी युक्ती यंत्रात नाही. एका वेळी कोणत्याही घराने पाच किलोवॉटपेक्षा आणि कोणत्याही व्यवसायाने दहा किलोवॉटपेक्षा जास्त वीज ओढायची नाही, असा नियम बेटावर आहे. श्रीमंत असो वा गरीब, मर्यादा एकच. त्यामुळे संध्याकाळी सगळ्यांची किटली आणि ओव्हन एकदम चालू होऊन जाळे कोसळण्याची वेळ येत नाही, आणि त्या एका तासासाठी मोठी यंत्रणाही बांधावी लागली नाही. वारा-पाणी भरपूर असताना जादा वीज सार्वजनिक इमारती गरम ठेवायला वापरतात.

हे गणित हाताने करायची आता गरज नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात होमर नावाची संगणकप्रणाली तयार झाली. जगभरचे अभियंते ती वापरतात. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला ऊन किती, वारा किती, मागणी किती, हे तिला दिले की ती पॅनेल, बॅटरी आणि जनरेटर यांच्या शेकडो जोड्या तपासते आणि आयुष्यभराच्या खर्चाच्या क्रमाने मांडून देते. काही टक्के तूट चालेल असे सांगितले की खर्च किती खाली येतो, तेही दाखवते. संशोधनाची नियतकालिके अशा आराखड्यांनी भरलेली आहेत आणि त्यांत दराचे आकडे पैशापर्यंत बरोबर काढलेले असतात. मेख एकच. उन्हाचे आकडे उपग्रहावरून बऱ्यापैकी मिळतात. माणसांचे मिळत नाहीत. ज्या घराने आजवर वीज पाहिलेली नाही त्याला 'तुम्ही किती वीज वापराल?' असे विचारून आलेले उत्तर संगणकात भरायचे, आणि मग त्यावर दोन दशांश स्थळांपर्यंत हिशेब करायचा. केनियातील छोट्या जाळ्यांच्या अभ्यासात सर्वेक्षणात सांगितलेला वापर आणि नंतर मीटरवर दिसलेला वापर यांत मोठी तफावत आढळली. म्हणूनच सुरुवातीला लहान बांधावे, वर्षभर मीटर पाहावे आणि मग पॅनेले वाढवावीत, हा मार्ग शहाणपणाचा. पॅनेल नंतर जोडता येते. अनुदान मात्र एकदाच, एकाच हप्त्यात आणि किलोवॉटवर मिळत असेल तर कोणीही पहिल्याच दिवशी मोठे बांधील.

मागणीचा अंदाज चुकला की काय होते, ते बिहारच्या धरनईने दाखवले. जहानाबाद जिल्ह्यातील या गावात जुलै २०१४ मध्ये १०० किलोवॉटचे सौर मायक्रोग्रिड मोठ्या गाजावाजाने सुरू झाले. सुमारे साडेचारशे घरे त्यावर होती. दिवे आणि पंखे चालत, पण फ्रीजसारखी जड उपकरणे लावायला बंदी होती. गावकऱ्यांनी खऱ्या विजेची मागणी केली आणि थोड्याच दिवसांत सरकारी तारा गावात आल्या, सौरविजेपेक्षा कितीतरी स्वस्त. ग्राहक तिकडे गेले. इकडे बॅटऱ्यांचे आयुष्य संपल्यावर त्या बदलायला पैसा नव्हता. काही वर्षांत प्रकल्प बंद पडला. या गोष्टीतून सौर ऊर्जा कुचकामी असल्याचा निष्कर्ष काढणारे तेव्हा बरेच निघाले. दोष ऊर्जेचा नव्हता. माणसांना केवळ दिव्याएवढीच वीज लागते असे धरून यंत्रणा आखली होती आणि जाळे आले तर काय करायचे, याचा विचार आधी झाला नव्हता. पुढे २०१६ मध्ये उत्तर प्रदेशने आपल्या मिनीग्रिड धोरणात सरकारी वीज गावात आल्यास खासगी जाळ्याने ती जोडून घ्यावी किंवा यंत्रणा हस्तांतरित करावी, यासाठी तरतुदी केल्या. महाराष्ट्रातही पाड्यावरचे इन्व्हर्टर असे घ्यायला हवेत की उद्या महावितरणची तार आली तर तेच जाळे तिला जोडता येईल आणि दुपारची जादा वीज उलट विकता येईल.

काही ठिकाणी तार हेच बरोबर उत्तर असते, हेही मान्य केले पाहिजे. मुंबईपासून हाकेच्या अंतरावरच्या घारापुरी बेटावर अनेक वर्षे संध्याकाळी तीनेक तास डिझेल जनरेटर चालायचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून तिथे कायमची वीज आली. तीन वस्त्या, हजारो पर्यटक, लेण्यांचा वारसा आणि पलीकडे महानगराचे जाळे, हे पाहता तो खर्च समजण्याजोगा आहे. सातपुड्यातल्या साठ घरांना तो न्याय लावता येत नाही. दोन्हींकडे एकच उत्तर लादण्याचा आग्रह धरणारे, मग ते तारेचे असोत वा पॅनेलचे, गणित करायचे टाळत असतात.

आणि जिथे गणित नीट झाले तिथे छोटी जाळी टिकलीही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये सुमारे चाळीस घरांसाठी साडेनऊ किलोवॉटच्या आसपासचे सौर जाळे उभे राहिले. प्रत्येक घराला मीटर, वापरावर बिल, त्यावर पिठाची गिरणी, आणि पैसे गोळा करायला गावाचीच विश्वस्त संस्था. बिहारमध्ये पश्चिम चंपारणच्या तमकुहा गावात २००७ मध्ये भाताच्या तुसावर वीज करणाऱ्या एका कंपनीने पुढे त्याच गॅसयंत्राला सौर पॅनेले आणि बॅटरी जोडली. दिवसा ऊन, रात्री भुसा. तूस स्थानिक, त्याचा पुरवठाही स्थानिक, आणि पावसाळ्यात ढग आले म्हणून तो थांबत नाही.

या सगळ्याशी निविदेची भाषा जुळत नाही. निविदा किलोवॉट विचारते आणि कमीत कमी किंमत सांगणाऱ्याला काम देते. असे झाले की बॅटरी स्वस्तातली येते. शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली की लवकर खराब होते, आणि पत्र्याच्या तापलेल्या खोलीत ठेवली तर आणखी लवकर. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. मग तीन-चार वर्षांत पॅनेले चकाकत असतात आणि खालची बॅटरी मेलेली असते. लिथियम बॅटरीचे भाव खूप उतरले आहेत. २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरच्या वर असलेला पॅकचा जागतिक सरासरी भाव २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला होता. पाड्यावर बसवून मिळेपर्यंत तो दुप्पट होतो, तरीही दहा वर्षांचा हिशेब केला तर शिशापेक्षा ती स्वस्त पडते. पण तो हिशेब मागणारा निविदेत कोणीतरी हवा. 'दहा वर्षांत वस्तीला किती युनिट वीज प्रत्यक्ष मिळेल आणि त्याला एकूण किती खर्च येईल', हे विचारा, त्यावर काम द्या आणि देयकाचा काही भाग त्या मीटरच्या आकड्यांशी बांधा, एवढा एक बदल आदिवासी विकास विभागाला आणि महाऊर्जाला करता येण्याजोगा आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवान्याची अट २००३ च्या वीज कायद्यानेच शिथिल केलेली आहे.

राहिला दहाव्या वर्षाचा प्रश्न. वरच्या पाड्यावरची ४० युनिटांची बॅटरी तेव्हा बदलावी लागेल. आजच्या भावाने आठ लाख रुपये. साठ घरांत आणि एकशेवीस महिन्यांत वाटले तर घरामागे महिन्याला १११ रुपये, उपकेंद्र आणि गिरणीने आपला वाटा उचलला तर त्याहून कमी. रक्कम कातकरी घराला जड आहे, पण अशक्य नाही, आणि जिथे जड आहे तिथे अनुदान पहिल्या दिवसाच्या पॅनेलांवर थोडे कमी आणि दहाव्या वर्षाच्या बॅटरीवर थोडे जास्त, असे देता येते. पैसे कोणाच्या नावे, कोणत्या बँकेत साठतील आणि ते काढायला कोणाच्या सह्या लागतील, हे यंत्रणेचे उद्घाटन होण्याआधी ग्रामसभेत ठरलेले असावे. नंतर ते ठरवायला कोणी पाड्यावर येत नाही.